खताचा डबा बिघडतो तो ओट्यावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै उजाडला की मुंबईतले घरगुती खताचे डबे एकामागोमाग बंद पडू लागतात. उन्हाळाभर बाल्कनीत निमूट चाललेला डबा वास मारतो, त्यात पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात, खालच्या मजल्यावरून तक्रार येते आणि डबा रिकामा होऊन माळ्यावर जातो. दिवाळीनंतर पुन्हा सुरू करायचा बेत असतो, पण सुटलेली सवय सहसा परत लागत नाही. दोष पावसाला दिला जातो. छज्जाखाली ठेवलेल्या झाकणाच्या डब्यात पाऊस कुठून पडणार? त्यात पाणी जाते ते भाजीचे. पावसाळ्यात कोणती भाजी घरात येते, ती कशी निवडली जाते आणि तिचा किती भाग टोपलीत जातो, यावर डबा चालणार की नासणार हे ठरते. स्वयंपाक आणि खत हे एकच काम आहे असे धरून हे पत्र लिहीत आहे.

पालक, मेथी, कोथिंबीर या पालेभाज्यांत वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. पावसात भिजलेली जुडी गच्च बांधून, एकावर एक रचून टेम्पोतून मुंबईला येते. वाटेत ती आतून तापते आणि मधली पाने काळी, बुळबुळीत होतात. अशी जुडी निवडताना निम्मी टोपलीत जाते. एका दिवसात तीन जुड्यांचा असा चिखल डब्यात पडला की पुढचे चार दिवस काहीही केले तरी डबा सावरत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर या भाज्या कमीत कमी घ्याव्यात. फ्लॉवर आणि मटारचाही हा हंगाम नव्हे. फ्लॉवरचा गड्डा आणला तर त्याची पाने आणि दांडा मिळून गड्ड्याएवढाच कचरा होतो.

या दिवसांचे खरे म्हणजे वेलीवरचे आणि मातीतले: दुधी, शिराळे, पडवळ, घोसाळे, काकडी, कंटोली, लाल भोपळा, सुरण, अळू. यांतल्या बहुतेकांची साल, बी, देठ खाता येतात, म्हणून टोपलीत जवळजवळ काही उरत नाही. पडवळाच्या कोवळ्या बिया परतून वाटल्या की चटणी होते. कंटोली सोलायची नसतात. ती धुऊन उभी चिरायची. आत बी पिवळे-नारिंगी आणि कडक झाले असेल तेवढेच काढायचे. भोपळ्याची साल जून नसेल तर भाजीतच शिजू द्यावी.

शिराळ्याच्या सालीची चटणी सगळ्यांना ठाऊक असते, तरी ती हमखास लिबलिबीत होते. अर्धा किलो शिराळी सोलण्याआधी धुऊन पुसून घ्यावीत, कारण साल काढल्यावर धुतली तर ती पाणी धरते. शिरा जाड काढाव्यात, बारीक चिराव्यात. साधारण एक वाटी होते. लोखंडी तव्यावर दोन चमचे तेलात मंद आचेवर सात-आठ मिनिटे, कडा तपकिरी होईपर्यंत परतावे. मीठ या वेळी मुळीच घालू नये. मिठाने सालीतले पाणी सुटते, मग ती परतली न जाता उकडते. दोन चमचे तीळ, दोन चमचे किसलेले सुके खोबरे, तीन हिरव्या मिरच्या आणि चार लसूण पाकळ्या वेगळ्या भाजून घ्याव्यात. सगळे पूर्ण गार झाल्यावर मीठ घालून मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा. गरम असताना फिरवले तर वाफ धरून लगदा होतो. दुधीच्या सालीचीही हीच रीत, फक्त ती तीन-चार मिनिटे जास्त घेते.

दुधी आणि शिराळे चिरल्यावर त्याचा तुकडा जिभेला लावून पाहण्याची जुनी रीत सोडू नये. कडू लागला तर अख्खे फळ बाजूला करावे. शिजवून, मीठ लावून, गूळ घालून तो कडूपणा जात नाही. हा कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. असे फळ अन्न म्हणून वाया गेले तरी हरकत नाही, खताच्या डब्यात ते चालते.

अळूबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पावसाळ्यात मुंबईत सगळीकडे मिळणारी आणि देठासकट संपणारी याच्यासारखी दुसरी पालेभाजी नाही. काळपट देठाचे अळू वडीसाठी, हिरव्या-पांढऱ्या देठाचे फदफद्यासाठी. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात; घसा खाजतो तो त्यांच्या टोचण्याने. उपाय दोन: पूर्ण शिजवणे आणि आंबट घालणे. निवडताना हाताला तेल लावावे. चार माणसांसाठी दहा मध्यम पाने देठांसह, पाव वाटी चणाडाळ, पाव वाटी शेंगदाणे, लिंबाएवढी चिंच, तेवढाच गूळ आणि दोन चमचे बेसन पुरते. डाळ व दाणे चार तास भिजवावेत. देठांची वरची साल दोऱ्यासारखी ओढून काढावी, बाकी देठ बारीक चिरून घालावेत.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे सगळे एकाच भांड्यात घालून चिंचेसह कुकरला लावणे. आंबटात डाळ शिजत नाही, दाताखाली कचकच लागते. मग पुन्हा शिट्ट्या काढाव्या लागतात आणि अळूचा रंग जातो. डाळ-दाणे पाण्यासह खालच्या भांड्यात, अळू चिंचेच्या कोळासह वरच्या भांड्यात, असे एकाच कुकरात लावावे. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून बारा-पंधरा मिनिटे ठेवावे. प्रेशर आल्यावर आतले तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहते. मोठ्या आचेने ते वाढत नाही, जास्तीची वाफ तेवढी शिट्टीवाटे निघून जाते. शिट्ट्या मोजत बसण्यात गॅस जातो. नंतर अळू बेसनासह रवीने घोटावे, डाळ-दाणे, गूळ व मीठ घालून सात-आठ मिनिटे उकळावे आणि मेथीदाणा, हिंग, हळद, लाल मिरचीची फोडणी वरून द्यावी.

आता रानभाज्या. दादर, ठाणे, बोरिवली, कल्याण या स्टेशनांबाहेर शहापूर, मुरबाड, कर्जत, पालघरकडच्या बाया पहाटेच्या गाड्यांनी येऊन वाटे लावून बसतात. मुंबईच्या नळाला येणारे भातसा आणि तानसाचे पाणी शहापूर तालुक्यातले. तिथल्याच बांधावरचा टाकळा आपल्या स्टेशनबाहेर येतो, हे लक्षात ठेवून तरी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये असे मनापासून वाटते.

शेवळं पावसाच्या तोंडावर येतात आणि लवकर संपतात. त्यांच्याबरोबर काकडाची आंबट हिरवी फळे दिली जातात, ती नाकारू नका. शेवळाची खाज त्या आंबटाने मरते. काकड नसेल तर चिंच. शेवळाच्या बुडाशी असलेला दाणेदार भाग मात्र काढून टाकायलाच हवा. टाकळा पहिल्या पंधरा-वीस दिवसांचाच चांगला, नंतर तो जून आणि कडवट होतो. फक्त कोवळे शेंडे घ्यावेत. तो शिजून फार आटतो, म्हणून चौघांना चार वाटे लागतात. ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, हिरवी मिरची, अर्धा तास भिजवलेली दोन चमचे मूगडाळ आणि शेवटी मूठभर ओले खोबरे, इतकेच पुरे. झाकण न ठेवता शिजवावा. फोडशी गवतासारखी दिसते आणि तिच्या बुडाशी माती अडकलेली असते. मुळाकडचा पांढरा भाग कापून, पाते उभे चिरून आतला चिवट दोरा काढावा, मग तीन पाण्यांत धुऊन बारीक चिरावी. दोरा राहिला तर भाजी चघळत बसावे लागते. जिला औषधवाले सफेद मुसळी म्हणतात ती याच कुळातली आणि तिच्या शास्त्रीय नावात आपली बोरिवली आहे. ही भाजी घेताना पानांची जुडी घ्यावी, कंदासकट उपटलेली घेऊ नये. पाने कापली तर झाड पुढच्या वर्षी पुन्हा येते, कंद गेला की ते संपले. या भाज्या विकणाऱ्या बायांकडून ओळखून घ्याव्यात. रुळांच्या किंवा नाल्याच्या कडेला दिसल्या म्हणून स्वतः खुडू नयेत. तिथले पाणी काय असते ते सगळ्यांना माहीत आहे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद असते. त्या काळात सोडे, सुका जवळा, सुके बोंबील हेच हंगामाचे मासे. शेवळं सोडे घालून करतात ती याच जोडीतून आलेली. माशांचे आणि कोलंबीचे अवशेष बाल्कनीतल्या डब्यात टाकू नयेत. उंदीर आणि वास दोन्ही त्यांनी येतात. ते पालिकेच्या ओल्या कचऱ्यातच द्यावेत.

भाजी घरात आल्यावरचा पहिला तास महत्त्वाचा. कोथिंबीर, कढीलिंब, मिरच्या ओल्याच फ्रीजमध्ये टाकल्या की तिसऱ्या दिवशी त्यांचा काला होतो. दोरा सोडून जुडी वर्तमानपत्रावर पसरावी, तासभर पंख्याखाली ठेवावी, न धुता कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत पानांतून निघणारी वाफ आतच पाणी होऊन बसते, फडके ती शोषून घेते. फडके दोन दिवसांनी बदलावे. अशी कोथिंबीर पावसाळ्यातही सहा-सात दिवस टिकते. धुवायची ती वापरताना. कोवळ्या काड्या वाटणात जाव्यात, त्यांना पानांपेक्षा वास जास्त असतो.

आता डबा. चार माणसांच्या घरात, वर सांगितल्याप्रमाणे साली आणि देठ खाल्ल्यावर, दिवसाला अर्धा किलोच्या आसपास ओला कचरा राहतो. त्यासाठी ३५ ते ४० लिटरचे तीन डबे लागतात. एक भरायचा आणि दोन मुरायला ठेवायचे. एक डबा भरायला साधारण महिना लागतो, म्हणजे प्रत्येकाला दोन महिने मुरायला मिळतात. दोघांच्या घरात रंगाचे २० लिटरचे रिकामे डबे पुरतात. एकाच डब्यात वर भरायचे आणि खालून काढायचे असा हिशेब पावसाळ्यात जमत नाही. खालचा माल वरच्या ओल्याने पुन्हा भिजतो.

डब्याच्या बाजूंना पाव इंची पंचवीस-तीस आणि तळाला सहा-सात भोके पाडावीत. सगळ्यात खालची बाजूची भोके तळापासून दोन इंच वर असावीत. आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवावी. डबा दोन विटांवर ठेवावा, म्हणजे खालूनही हवा जाते, आणि खाली ताटली ठेवावी. ताटलीतले पाणी दर दोन दिवसांनी ओतायलाच हवे. पावसाचे पाणी तिच्यात मिसळले तर डेंग्यूच्या डासाला तेवढी जागा पुरते आणि आठवड्याभरात त्याची नवी पिढी उडते.

तळाला तीन इंच नारळाच्या शेंड्या पिंजून टाकाव्यात. नारळी पौर्णिमेपासून गणपतीपर्यंत त्यांचा तुटवडा नसतो. त्यावर मूठभर जुने खत किंवा वाटीभर आंबट ताक शिंपडलेला पाचोळा. मग रोजचा कचरा. तो थेट चिरण्याच्या ताटातून डब्यात टाकू नये. आधी त्याचे इंचभराचे तुकडे करावेत आणि जुन्या रोवळीत किंवा चाळणीत चार-पाच तास निथळू द्यावेत. ही एक पायरी पावसाळ्यात अर्धे काम करते. चहाचा चोथा एकदा धुऊन पिळून घ्यावा, नाहीतर त्यातल्या दूध-साखरेला मुंग्या लागतात. अंड्याची टरफले चुरून टाकावीत. श्रावणात केळीची पाने आणि साली खूप निघतात. पान शिरेला धरून फाडावे, अखंड पान डब्यात झाकणासारखे बसते आणि खालची हवा तोडते. निर्माल्यातून दोरा, जरी आणि प्लॅस्टिकची फुले काढल्याशिवाय ते डब्यात टाकू नये.

काय टाकू नये: आमटी, रस्सा, तेलकट भाजी, दूध-दही, हाडे, आंब्याच्या कोयी, करवंट्या. मक्याच्या कणसाची सुकी पाने उत्तम, पण दाणे काढलेले बुरकुंड महिनोन्महिने तसेच राहते, ते पालिकेच्या ओल्या कचऱ्यात द्यावे.

प्रत्येक थरावर कोरडे घालायचे. उन्हाळ्यात एक वाटी कचऱ्याला एक वाटी चुरलेला पाचोळा चालतो, पावसाळ्यात दोन वाट्या लागतात, आणि कलिंगड किंवा काकडीच्या सालींसारखे पाणीदार काही असेल तर तीन. जिवाणूंना नत्राच्या एका भागाला पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो. भाजीत नत्र आणि पाणी भरपूर, सुक्या पानात कर्ब भरपूर. शिवाय पानांमुळे थरांत पोकळी राहून हवा खेळते. पाचोळा नसेल तर वर्तमानपत्राच्या पट्ट्या, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि खोक्यांचे तुकडे चालतात, गुळगुळीत रंगीत कागद नको. सुताराकडचा भुसा साध्या लाकडाचा असेल तरच घ्यावा. प्लायवुडच्या भुशात डिंक आणि रसायने असतात. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या दाबलेल्या भुशाची, वीट पिशवीवर लिहिल्याप्रमाणे पाणी घालून फुलवली तर आपण डब्यात पुन्हा पाणीच ओततो. तिच्यावर थोडे पाणी शिंपडून सुटेल तेवढे खरवडून घ्यावे.

ओल बरोबर आहे की नाही हे मुठीने कळते. डब्याच्या मधला माल मुठीत दाबावा. बोटांतून पाणी गळले तर जास्त ओले, गोळा झालाच नाही तर फार कोरडे, गोळा होऊन बोटाने टोचताच फुटला तर ठीक. दर तिसऱ्या दिवशी काठीने खालपासून वरपर्यंत ढवळावे, मुरायला ठेवलेला डबा आठवड्यातून एकदा.

वासावरून दुखणे ओळखता येते. कुजक्या अंड्याचा किंवा नासल्याचा वास म्हणजे आत हवा नाही. सगळा माल घमेल्यात काढून पाचोळा मिसळून परत भरावा, नुसते वरून कोरडे टाकून भागत नाही, कारण बिघाड तळाशी असतो. नाकाला झोंबणारा नवसागरासारखा वास म्हणजे नत्र जास्त झाले. भाजी दोन दिवस बंद, फक्त सुकी पाने. चिलटे घोंगावतात ती फळांच्या उघड्या सालींवर. त्यांवर दोन इंच कोरडा थर दिला आणि वर कागद अंथरला की ती चार-पाच दिवसांत हटतात. मुंग्या लागल्या तर डबा कोरडा पडला आहे.

आणि अळ्या. डबा बंद होण्याचे हे पहिले कारण असते, म्हणून स्पष्ट लिहितो. मळकट पांढऱ्या, चपट्या, जाड अळ्या बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, कचरा झपाट्याने खातात, आणि त्यांची मोठी माशी घरमाशीसारखी आपल्या ताटावर येऊन बसत नाही. पूर्ण वाढल्या की त्या तपकिरी होतात आणि कोरडी जागा शोधत भोकांतून बाहेर सरपटतात. घरच्यांना किळस येते ती या वेळी. भोकांना आतून लावलेली जाळी यासाठीच. त्या नकोच असतील तर ओले उघडे ठेवू नये आणि शिजलेले अन्न टाकू नये, पुढची पिढी होत नाही. औषध फवारू नये. त्याने अळ्यांबरोबर खत करणारे सगळेच मरते.

लिंबू आणि मोसंबीच्या साली थोड्या चालतात, ढीग झाला तर डबा आंबट होतो. त्यांचे सफाईचे आंबवण करावे: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, सगळे वजनाने. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, एक लिटर पाणी. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, काचेची नाही. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो, विसरलात तर बाटली फुगते आणि काच असेल तर फुटते. तीन महिन्यांनी गाळावे. लादी पुसायला बादलीभर पाण्यात दोन झाकणे, ओट्याच्या चिकटपणाला थोडे दाट. हे जंतुनाशक असल्याचे सांगितले जाते ते मला मान्य नाही. हे सौम्य आम्ल आहे, मळ आणि वास काढते. घरात आजारी माणूस असेल तर त्यावर विसंबू नये. ब्लीचच्या पाण्यात तर ते कधीच मिसळू नये, आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

हे सगळे करताना अडते ते एकाच ठिकाणी, सुक्या पानांशी. जुलैत लागणारी पाने जुलैत मिळत नाहीत. मुंबईतल्या पर्जन्यवृक्षांची, पिंपळाची, बदामाची पानगळ फेब्रुवारी ते एप्रिल होते. त्या दिवसांत आवारात रोज ढीग निघतात आणि ते कचऱ्याच्या गाडीत जातात किंवा कोपऱ्यात पेटवले जातात, कचरा जाळायला बंदी असूनही. चार माणसांच्या घराला पावसाळ्याचे चार महिने काढायला दाबून भरलेली तीन पोती पाने लागतात. पर्जन्यवृक्षाची बारीक पाने सर्वांत लवकर कुजतात. बदामाची चुरून घ्यावीत. आंब्याच्या आणि खोट्या अशोकाच्या पानांवर मेणचट थर असतो, ती फार वेळ घेतात. गच्चीवर दोन दिवस ऊन दाखवूनच पोत्यात भरावीत, नाहीतर आत बुरशी धरते. पोती पार्किंगच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवावीत. मीटरच्या खोलीत किंवा जिन्यात मुळीच नको, सुकी पाने ठिणगीने पेटतात.

मोठ्या सोसायट्यांच्या खड्ड्यांचाही पावसाळ्यात हाच आजार असतो. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी टाकली, त्यानंतर शहरात कितीतरी ठिकाणी खड्डे आणि यंत्रे आली. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी कोरड्या मालाची तरतूद मात्र कोणी केलेली दिसत नाही. महापालिकेला माझी विनंती आहे की फेब्रुवारी ते एप्रिल या काळात रस्त्यांवरचा आणि उद्यानांतला पाचोळा बाकीच्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या पोत्यांत भरावा, प्रत्येक वॉर्डात एका ठरलेल्या जागी ठेवावा आणि मागेल त्या सोसायटीला द्यावा. यासाठी यंत्र लागत नाही, जागाही फार लागत नाही. आपल्या वृत्तपत्राने फेब्रुवारीत याची आठवण करून दिली तर फार उपयोग होईल. पावसाळ्यात खताबद्दल लिहून येते तेव्हा पाने जळून गेलेली असतात.

देवनारला मुंबईचा कचरा १९२७ पासून पडतो आहे. जानेवारी २०१६मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर शहराने दिवसेंदिवस श्वासात घेतला. ढिगात दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, तो मिथेन सोडतो, आणि मिथेन पेटतो. बाल्कनीतल्या बिघडलेल्या डब्यात हवेवाचून जी कुजण चालते, तीच तिथे डोंगराएवढ्या प्रमाणात चालू असते. डब्याला दोन मुठी पाने घालून ती थांबवता येते, डोंगराला नाही.

जुलैत भरलेला डबा ऑक्टोबरच्या सुरुवातीला तयार होतो. माल काळपट, भुसभुशीत झालेला असावा, मूळ साली ओळखू येऊ नयेत, वास पहिल्या पावसातल्या मातीचा यावा. भरला होता त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा उरतो. तो कागदावर सावलीत दोन दिवस पसरून पीठ चाळायच्या मोठ्या चाळणीने चाळावा आणि वरचा जाडाभरडा माल पुढच्या डब्यात विरजणासारखा टाकावा. चाळलेले एक भाग खत आणि तीन भाग माती अशी सहा इंच खोल कुंडी किंवा फळांचे खोके भरावे. नुसत्या खतात काही लावू नये, ते पाणी धरून मुळे कुजवते. मसाल्याच्या डब्यातल्या मेथीचे दोन चमचे दाणे रात्रभर भिजवून दाट पेरावेत, वर अर्धा इंच माती, आणि दाणे वर येईपर्यंत हाताने पाणी शिंपडावे, तांब्याने ओतले तर दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात. तांदूळ धुतलेले पहिले पाणी पुढे या कुंडीलाच घालावे. वीस-पंचवीस दिवसांत, पावसाळाभर बाजारातून आणायची टाळलेली मेथी कात्रीने मातीपासून इंचभर वर कापून घ्यावी. देठ कोवळे असतात, निवडताना काही टाकावे लागत नाही.

आपला,
एक वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई